कॉम्प्युटर व्हायरस आणि मालवेअरचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजातली मुलं, ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारी माणसं आणि ‘फोनमध्ये व्हायरस शिरलाय’ म्हणून धास्तावलेले ज्येष्ठ, अशा सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न दोन ओळींत मिटतात, काहींची अख्खी गोष्ट सांगावी लागते. वाचताना तारखांकडे लक्ष असू द्या. साथ कधी आली याच्या जोडीला, त्यावरची दुरुस्ती कधी मिळाली होती हेही जिथे जमलं तिथे दिलं आहे. या दोन तारखांमधलं अंतरच मला या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

जगातला पहिला व्हायरस कोणता?

‘पहिला’ कशाला म्हणायचं त्यावर उत्तर बदलतं, म्हणून तीन जण तीन नावं सांगतात आणि तिघांचंही चूक नसतं.

स्वतःची नक्कल स्वतःच काढणाऱ्या यंत्रणेचा विचार गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४९ मध्येच व्याख्यानांतून मांडला होता. प्रत्यक्षात १९७१ मध्ये अमेरिकेतल्या बीबीएन या कंपनीत बॉब थॉमस यांनी ‘क्रीपर’ लिहिला. आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरून तो एका पीडीपी-१० वरून (त्या काळचा मोठा कॉम्प्युटर) दुसऱ्यावर जायचा आणि ‘मी क्रीपर, जमलं तर पकडा’ अशा अर्थाचा संदेश छापायचा. रे टॉमलिन्सन यांनी त्याची नक्कल काढणारी आवृत्ती केली आणि त्याला शोधून पुसणारा ‘रीपर’ही लिहिला. ईमेलच्या पत्त्यात @ हे चिन्ह आणणारे टॉमलिन्सन ते हेच. पण हे सगळं प्रयोगशाळेतल्या लोकांचं आपापसातलं काम होतं.

दुसऱ्याच्या मशीनमध्ये न विचारता घुसून मोकळ्या जगात पसरलेला म्हणाल तर १९८२ चा ‘एल्क क्लोनर’. पिट्सबर्गजवळच्या रिच स्क्रेंटा या १५ वर्षांच्या शाळकरी मुलाने तो ॲपल २ साठी लिहिला. मित्रांना गेमच्या फ्लॉप्या देताना तो त्यांत खोड्या करून ठेवायचा. मित्र सावध झाले आणि त्याला फ्लॉपीला हात लावू देईनात, तेव्हा हात न लावता पसरेल असं काहीतरी त्याने बनवलं. लागण झालेल्या फ्लॉपीवरून पन्नासाव्यांदा मशीन सुरू केलं की स्क्रीनवर एक छोटी कविता यायची. माझ्या मते पहिलेपणाचा मान याचाच, कारण मालकाच्या नकळत पसरणं हेच व्हायरसचं खरं लक्षण आहे. आयबीएम पीसीपुरतं बोलायचं तर पहिला ‘ब्रेन’, १९८६ चा. त्याच्याविषयी पुढे येईलच.

व्हायरस, वर्म, ट्रोजन, मालवेअर यांत फरक काय?

व्हायरस दुसऱ्या प्रोग्रॅमला, फाइलला किंवा डिस्कला चिकटतो. ती वापरली की तो जागा होतो. वर्मला चिकटायची गरज नसते, तो नेटवर्कवरून स्वतः फिरतो. ट्रोजन उपयोगी वस्तूचं सोंग घेऊन येतो आणि आपणच त्याला आत घेतो. मालवेअर हे या सगळ्यांचं एकत्रित नाव. रोजच्या बोलण्यात सगळ्यालाच व्हायरस म्हणतात, त्यात वावगं काही नाही.

सगळे व्हायरस पकडणारा अँटिव्हायरस कधीतरी निघेल का?

निघणार नाही, आणि हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. नोव्हेंबर १९८३ मध्ये फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने युनिक्सवर चालणाऱ्या व्हॅक्स मशीनवर एक छोटा प्रोग्रॅम सोडून दाखवला. त्याच्या प्रयोगांत असा प्रोग्रॅम सरासरी अर्ध्या तासात पूर्ण सिस्टिमचा ताबा घेत होता. ‘व्हायरस’ हे नाव सुचवलं त्याचे मार्गदर्शक लेन ॲडलमन यांनी. आरएसए या कूटपद्धतीतला ‘ए’ म्हणजे तेच. पुढे कोहेन यांनी दाखवून दिलं की प्रत्येक व्हायरस ओळखेल आणि निर्दोष प्रोग्रॅमला कधीच दोषी ठरवणार नाही, अशी एकही पद्धत असू शकत नाही. म्हणून डब्यावर ‘१०० टक्के संरक्षण’ छापलेलं दिसलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

पीसीवरचा पहिला व्हायरस पाकिस्तानात तयार झाला हे खरं आहे का?

खरं आहे. बासित आणि अमजद फारूक अल्वी या लाहोरच्या दोन भावांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. आपण लिहिलेल्या सॉफ्टवेअरच्या चोरून नकला निघतात म्हणून त्यांनी १९८६ मध्ये ‘ब्रेन’ लिहिला, असं त्यांनी पुढे सांगितलं. तो ३६० केबीच्या फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी वाचला जाणारा भाग) बसायचा, मूळ बूट सेक्टर दुसरीकडे हलवायचा आणि ती जागा ‘खराब’ म्हणून खूण करून ठेवायचा. फ्लॉपीचं नाव बदलून ‘ब्रेन’ व्हायचं. गंमत म्हणजे आत दोघा भावांची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर होता: लस हवी असेल तर संपर्क साधा. थोड्याच दिवसांत अमेरिका-ब्रिटनमधून फोन येऊ लागले आणि भाऊ चकित झाले.

ब्रेन तांत्रिकदृष्ट्या हुशार होता. बूट सेक्टर वाचायला गेलात की तो हलवून ठेवलेला मूळ सेक्टर पुढे करायचा, त्यामुळे वरवर सगळं ठीक दिसायचं. लपण्याची ही युक्ती पुढच्या कित्येकांनी उचलली. याच भावांनी नंतर लाहोरमध्ये इंटरनेट पुरवणारी कंपनी काढली.

फ्लॉपीतून व्हायरस ‘लागायचा’ म्हणजे नेमकं काय व्हायचं?

ज्यांनी फ्लॉपी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी हे सविस्तर सांगतो, कारण पहिली दहा वर्षं साथीचं मुख्य वाहन हेच होतं.

पीसी सुरू केला की तो आधी ए ड्राइव्हमध्ये फ्लॉपी आहे का बघायचा. असेल तर तिचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर मेमरीत घेऊन, कसलीही विचारपूस न करता चालवायचा. काल संध्याकाळी पत्रं टाइप करून फ्लॉपी ड्राइव्हमध्येच विसरलात आणि सकाळी बटण दाबलंत, की स्क्रीनवर यायचं: ‘नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर’. मग ‘अरे, फ्लॉपी राहिली वाटतं’ म्हणत ती काढायची, कुठलंही बटण दाबायचं आणि कामाला लागायचं. पण तो संदेश छापणारा कोड त्या पहिल्या सेक्टरमधूनच आलेला असायचा. फ्लॉपीला लागण झालेली असेल तर संदेश दिसेपर्यंत व्हायरस मेमरीत बसलेला असायचा. बरेचसे त्याच वेळी हार्ड डिस्कवरही उतरायचे, आणि त्यानंतर घातलेली प्रत्येक फ्लॉपी बाधित व्हायची. फ्लॉपीवर एकही प्रोग्रॅम नसला, नुसती पत्रं असली, तरी फरक पडत नसे. लोकांना हे पटवून देणं फार कठीण जायचं.

उपाय अगदी साधा होता. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद करायची, साडेतीन इंचीवरची छोटी खिटी सरकवून भोक उघडं ठेवायचं. मग फ्लॉपीवर काही लिहिलंच जात नसे, कारण लिहिण्याला अटकाव ड्राइव्हमध्येच होता. एवढं करायला कुणाची ना नव्हती, पण रोजच्या धावपळीत ते राहून जायचं.

‘जोशी व्हायरस’ खरंच होता का?

होता. जून १९९० मध्ये भारतात सापडल्याची त्याची नोंद आहे आणि पुढे तो देशाबाहेरही बराच पसरला. हाही बूट सेक्टरचाच. दर वर्षी ५ जानेवारीला मशीन अडून बसायचं आणि स्क्रीनवर ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करायला सांगायचं. ते अचूक टाइप केलं की काम पुढे सुरू. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून मशीन पुन्हा सुरू केलं तरी तो मेमरीतून जात नसे, म्हणून पॉवर पूर्ण बंद करून स्वच्छ, राइट-प्रोटेक्ट केलेल्या फ्लॉपीवरून बूट करायला सांगितलं जाई. आडनाव आपल्याकडचं असल्यामुळे मराठी घरांत हा किस्सा अजून चवीने सांगितला जातो.

मॉरिस वर्म एवढा प्रसिद्ध का?

कारण त्या दिवशी इंटरनेटवाल्यांना पहिल्यांदा कळलं की एकमेकांवर टाकलेला विश्वास केवढ्याला पडू शकतो.

२ नोव्हेंबर १९८८. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने एमआयटीतल्या एका मशीनवरून तो सोडला. वर्म तीन-चार वाटांनी आत शिरायचा. पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या सेंडमेलमध्ये तपासणीसाठी ठेवलेलं एक दार उघडं होतं. ‘फिंगर’ सेवेला ती सामावू शकते त्याहून लांब मजकूर पाठवला की आपला कोड चालवून घेता यायचा. शिवाय सोपे पासवर्ड आणि एकमेकांवर आंधळा भरवसा ठेवणारी मशीन्स होतीच. फाइली पुसायच्या किंवा चोरायच्या असं त्यात काही नव्हतं. घोळ झाला तो नकला काढण्यात. ‘इथे मी आधीच आहे का?’ असं तो विचारायचा, पण कुणी खोटं ‘हो’ म्हणून त्याला टाळू नये यासाठी सातातून एकदा उत्तर काहीही आलं तरी मुक्काम ठोकायचा. हे प्रमाण फारच जास्त निघालं. एकाच मशीनवर इतक्या प्रती चालू लागल्या की मशीन्स गुदमरली. तेव्हाच्या सुमारे ६०,००० मशीन्सपैकी ६,००० बाधित झाल्याचा अंदाज नेहमी दिला जातो.

मॉरिसला तीन वर्षं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला. या घटनेनंतर काही दिवसांतच कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट हे आपत्कालीन केंद्र उभं राहिलं. भारताचं सर्ट-इन २००४ पासून काम करतंय.

अँटिव्हायरस कंपन्याच व्हायरस बनवतात का?

हा प्रश्न चुकत नाही. असं केल्याचा कुठल्याही मोठ्या कंपनीविरुद्ध पुरावा नाही, आणि त्यांना त्याची गरजही नाही. सुरुवातीची मंडळी हौसेपोटी लिहायची, नंतरची पैशासाठी लिहू लागली. पुरवठा कधी आटलाच नाही.

उलट या व्यवसायाची एक गोष्ट आपल्या घरची आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीन्समध्ये व्हायरसच फार, हे बघून धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातूनच १९९० च्या दशकाच्या मध्यात क्विक हील उभं राहिलं. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. दुरुस्तीच्या टेबलावर जे दिसतं त्यातूनच चांगलं उत्पादन निघतं, यावर माझा ठाम विश्वास आहे.

व्हायरसने हार्डवेअर बिघडू शकतं का?

सहसा नाही, पण तसं घडलेलं आहे. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये ‘सीआयएच’ लिहिला. विंडोज ९५ आणि ९८ च्या प्रोग्रॅम फाइलींमधल्या रिकाम्या जागांत तो स्वतःचे तुकडे भरायचा, म्हणून फाइलचा आकार वाढत नसे आणि कुणाला संशय येत नसे. २६ एप्रिल १९९९ ला, म्हणजे चेर्नोबिल अपघाताच्या तारखेला, तो उसळला. आधी हार्ड डिस्कच्या सुरुवातीचा भाग पुसायचा आणि मग काही मदरबोर्डांवरच्या बायोस चिपवर (मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम हिच्यात असतो) कचरा लिहायचा. असं मशीन बटण दाबलं तरी सुरूच होत नसे. चिप काढून नवी बसवावी लागे किंवा तिच्यात पुन्हा प्रोग्रॅम भरावा लागे. चोरट्या सॉफ्टवेअरच्या सीडी जिथे जास्त फिरत होत्या त्या आशियात फटका मोठा बसला: दक्षिण कोरिया, तुर्कस्तान आणि आपल्याकडेही. चिप जळत नव्हती, तिच्यातला मजकूर जायचा. पण मालकाच्या लेखी मशीन मेलंच होतं.

‘आय लव्ह यू’ बनवणाऱ्याला शिक्षा का झाली नाही?

कारण तेव्हा फिलिपिन्समध्ये तसा कायदाच नव्हता.

४ मे २००० ला मनिलाहून निघालेल्या या मेलला ‘लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’ अशी फाइल जोडलेली होती. विंडोज शेवटचं ‘व्हीबीएस’ लपवत असे, म्हणून ती साधी मजकुराची फाइल वाटायची. उघडली की आउटलुक या मेल प्रोग्रॅमच्या पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाला तीच मेल तुमच्या नावाने जायची आणि तुमचे जेपीजी फोटो पुसले जायचे. ब्रिटिश संसदेला आपली मेल व्यवस्था बंद ठेवावी लागली. वर्षभर आधी, मार्च १९९९ मध्ये, ‘मेलिसा’ने वर्डच्या मॅक्रोतून (फाइलीत ठेवता येणारा छोटा प्रोग्रॅम) असंच केलं होतं, पण ती फक्त पहिल्या ५० पत्त्यांवर जायची आणि तिचा कर्ता डेव्हिड स्मिथ पुढे तुरुंगात गेला. इथे ओनेल दे गुझमन या तरुणावरचे आरोप मागे घ्यावे लागले. आपणच तो लिहिला हे त्याने २०२० मध्ये कबूल केलं: इंटरनेटला पैसे नव्हते म्हणून त्याला इतरांचे पासवर्ड हवे होते. फिलिपिन्सने घाईने कायदा केला, पण तो मागच्या गुन्ह्याला लागू होईना.

भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षीचा, १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झालेला. कलम ४३ मध्ये दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सोडण्याचा स्पष्ट उल्लेख आहे आणि तो लबाडीने सोडल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा ‘मित्राची गंमत करायला बनवला’ हे कारण चालणार नाही. कॉलेजातल्या मुलांनी हे मनावर घ्यावं.

मी काहीही उघडलं नाही, तरी लागण कशी झाली?

होऊ शकते. नेटवर्कवरून येणाऱ्या मागण्यांची वाट बघत बसलेल्या प्रोग्रॅममध्ये भोक (आत शिरू देणारी चूक) असेल तर वर्म थेट आत येतो, तुम्ही खुर्चीवर नसलात तरी. आणि तारखांचं अंतर बघायचं ते इथेच.

‘स्लॅमर’ २५ जानेवारी २००३ ला, आपल्याकडे सकाळचे अकरा वाजत असताना आला. अवघे ३७६ बाइट, एका पॅकेटात मावणारा. सुरुवातीला साडेआठ सेकंदांना दुप्पट होत होता आणि दहा मिनिटांत जगातले बहुतेक उघडे सर्व्हर त्याने गाठले. अमेरिकेत बँकांची एटीएम थांबली, दक्षिण कोरियात इंटरनेट कोलमडलं. त्यावरचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारी दुरुस्ती, जुलै २००२ पासून उपलब्ध होता. सहा महिने!

‘ब्लास्टर’ ११ ऑगस्ट २००३ चा. पॅच १६ जुलैला आला होता. तेव्हा सायबर कॅफेत बसणाऱ्यांना आठवेल: विंडोज एक्सपीवर मध्येच खिडकी उघडायची आणि साठ सेकंद उलटे मोजत मशीन बंद व्हायचं. ‘शटडाउन -ए’ ही कमांड वेळेत टाइप केली तर मोजणी थांबायची, आणि तेवढ्यात पॅच उतरवून घ्यायची धांदल. मोडेमच्या वेगात ते काम किती जिकिरीचं होतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. एक वर्षाने मायक्रोसॉफ्टने सर्व्हिस पॅक २ मध्ये फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या मागण्या अडवणारी सोय) आपसूक चालू ठेवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे हा प्रकार आटोक्यात आला.

‘कॉनफिकर’ नोव्हेंबर २००८ मध्ये आला. पॅच २३ ऑक्टोबरचा.

पेनड्राइव्हमधलं सगळं जाऊन शॉर्टकट कसे व्हायचे?

जात काही नव्हतं, लपायचं. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला पेनड्राइव्ह दिला आणि घरी आल्यावर फोल्डरऐवजी शॉर्टकट दिसले, हा अनुभव आपल्याकडे घरोघरी झाला. व्हायरस मूळ फोल्डरांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ अशा खुणा करायचा आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवायचा. त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरस चालायचा, मग फोल्डर उघडायचं, त्यामुळे बिघाड कळायचाही नाही. त्याआधीचा प्रकार म्हणजे फोल्डरचंच चित्र घेतलेली ‘न्यू फोल्डर डॉट ईएक्सई’. ॲट्रिब कमांडने खुणा काढल्या की फोल्डर परत दिसायचे, पण कित्येकांनी घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट केला आणि प्रोजेक्ट, लग्नाचे फोटो असं सगळं घालवलं. पेनड्राइव्ह लावताक्षणी आपोआप प्रोग्रॅम चालण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०११ पर्यंत जुन्या विंडोजमध्येही बंद केली.

स्टक्सनेट हा खरंच ‘सरकारी’ व्हायरस होता का?

कुठल्याही सरकारने अधिकृतपणे जबाबदारी घेतलेली नाही. अमेरिका आणि इस्रायल यांनी मिळून तो केला असं व्यापकपणे मानलं जातं. जून २०१० मध्ये बेलारूसच्या व्हायरसब्लॉकडा या छोट्या कंपनीला तो सापडला. इराणमधल्या नतान्झ इथल्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचा (प्रचंड वेगाने फिरणारी यंत्रं) वेग सीमेन्सच्या नियंत्रकांमार्फत तो बिघडवायचा आणि त्याच वेळी देखरेखीच्या पडद्यावर सर्व सुरळीत असल्याचे जुने आकडे दाखवायचा. विंडोजमधली, तोवर निर्मात्यांनाही ठाऊक नसलेली चार भोकं त्यात वापरली होती, आणि तैवानच्या दोन कंपन्यांची चोरलेली डिजिटल प्रमाणपत्रंही. नतान्झमधली मशीन्स इंटरनेटला जोडलेली नव्हती. तिथे तो पेनड्राइव्हवरून पोचला असं मानतात. इराण आणि इंडोनेशियानंतर सर्वाधिक बाधित मशीन्स भारतात आढळली, पण अपेक्षित यंत्रसामग्री नसेल तिथे तो गप्प राहायचा.

पॅच आधी असण्याचा माझा मुद्दा इथे लागू नाही. असे हल्ले मोजके असतात, त्यांची धास्ती घेऊन साध्या गोष्टी करायच्या सोडू नयेत.

रॅन्समवेअर कधी सुरू झालं?

फाइली अडकवून खंडणी मागणारं हे मालवेअर वाटतं त्याहून खूप आधी आलं. डिसेंबर १९८९ मध्ये जोसेफ पॉप या जीवशास्त्रज्ञाने एड्सविषयी माहिती देणारी म्हणून सुमारे २०,००० फ्लॉप्या टपालाने पाठवल्या. मशीन ९० वेळा सुरू झालं की फाइलींची नावं कूटात जायची आणि १८९ डॉलर पनामातल्या टपाल पेटीवर पाठवा असा कागद प्रिंटरमधून बाहेर यायचा. कल्पना फार चालली नाही, कारण पैसे गुपचूप घ्यायची सोय नव्हती आणि कूटही सोडवण्याजोगं होतं. या दोन्ही अडचणी २०१३ च्या ‘क्रिप्टोलॉकर’पर्यंत सुटल्या: मजबूत कूटपद्धत आणि बिटकॉइन.

मग १२ मे २०१७ चा शुक्रवार. ‘वॉनाक्राय’ने सुमारे १५० देशांत फाइली बंद केल्या आणि ३०० डॉलर मागितले. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने स्वतःजवळ ठेवलेलं आणि चोरीला जाऊन एप्रिलमध्ये उघड झालेलं एक हत्यार त्यात होतं. ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. मार्कस हचिन्स या तरुणाने कोडमध्ये दिसलेलं एक नोंदणी नसलेलं डोमेन स्वतःच्या नावावर केलं आणि साथ मंदावली. ते डोमेन उत्तर देतंय असं दिसलं की वर्म थांबत होता.

दोष विंडोज एक्सपीवर टाकला गेला, पण बाधित मशीन्स बहुतांश विंडोज ७ ची होती. त्यांच्यासाठी पॅच १४ मार्चलाच आला होता. दोन महिने तो तसाच पडून होता. का? ‘अपडेट केलं तर जुनं सॉफ्टवेअर चालणार नाही’, ‘महिनाअखेर आहे, नंतर बघू’, ‘सर्व्हर बंद करायला साहेबांची परवानगी नाही’. ही कारणं खोटी नसतात आणि मला ती सांगणाऱ्यांचा राग येत नाही. पण ऑफिसात अपडेटसाठी वेळ ठरवून देणं हे वरिष्ठांचं काम आहे. कॉम्प्युटर बघणाऱ्या मुलावर ते ढकलून चालत नाही.

याचा महाराष्ट्राला कधी थेट फटका बसला का?

बसला, आणि दोन घटना सगळ्यांना माहीत असायला हव्यात.

२७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ युक्रेनमध्ये सुटला. तिथल्या एमईडॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं अपडेटच बाधित केलं होतं. तो दिसायला रॅन्समवेअर, पण फाइली परत मिळायची वाटच ठेवलेली नव्हती. मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची मशीन्स बंद पडली आणि त्याच समूहाकडून चालवलं जाणारं उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातलं जीटीआय हे कंटेनर टर्मिनलही ठप्प झालं. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय हे सांगणारी यंत्रणाच बंद, मग हाताने कामं आणि बाहेर ट्रेलरच्या रांगा. मेर्स्कने सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे केले. लक्ष्य कीव्ह होतं, रांगा रायगड जिल्ह्यात लागल्या.

दुसरी घटना पुण्याची. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला कॉसमॉस सहकारी बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमच्या व्यवहारांना होकार देणाऱ्या यंत्रणेत मालवेअर घुसवून हल्लेखोरांनी समांतर ‘स्विच’ उभा केला. नकली कार्डांवरच्या मागण्या बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हत्या; तो बनावट स्विचच ‘मंजूर’ म्हणायचा. २८ देशांतल्या एटीएममधून रोकड निघाली. याच रकमेतले सुमारे १४ कोटी सोमवारी स्विफ्टमार्फत (परदेशी बँकांना पैसे पाठवण्याची यंत्रणा) हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. ग्राहकांच्या खात्यांतले पैसे गेले नाहीत, नुकसान बँकेचं झालं. पहिला घाव शनिवारी पडला हे लक्षात घ्या. सुट्टीला लागून हल्ला करणं ही ठरलेली चाल असते.

मॅक आणि लिनक्सला व्हायरस लागत नाही ना?

लागतो. एल्क क्लोनर ॲपलवर होता, मॉरिस वर्म युनिक्सवर, ज्याच्या धर्तीवर पुढे लिनक्स बनलं. २०१२ मध्ये ‘फ्लॅशबॅक’ने सुमारे सहा लाख मॅक बाधित केले, तो ज्यातून शिरायचा ते जावा या सॉफ्टवेअरमधलं भोक त्याची निर्माती कंपनी ओरॅकलने फेब्रुवारीत बुजवलं होतं, ॲपलने आपल्या मशीनसाठी एप्रिल उजाडेपर्यंत वेळ लावला. २०१६ चा ‘मिराई’ लिनक्सवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांत आणि राउटरमध्ये कारखान्यातून आलेला पासवर्ड वापरून शिरायचा. घरातल्या सीसीटीव्हीचा पासवर्ड बदललाय का ते आजच बघा.

रॅन्समवेअरने फाइली बंद झाल्या तर पैसे भरावेत का?

माझं उत्तर नाही. नॉटपेट्यात भरूनही काही मिळणं शक्यच नव्हतं. मशीन नेटवर्कपासून तोडा, फॉरमॅट करायची घाई करू नका आणि ‘नो मोअर रॅन्सम’ हा प्रकल्प बघा. डच पोलीस आणि युरोपोल यांनी सुरक्षा कंपन्यांच्या मदतीने २०१६ मध्ये तो सुरू केला आणि तिथे बऱ्याच प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. बॅकअपची एक प्रत कॉम्प्युटरला कायम जोडलेली नसावी. जोडलेली असेल तर तीही बंद होते.

व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका उघडली आणि खात्यातले पैसे गेले. हा कोणता व्हायरस?

ट्रोजन. मोबाइलवरचा पहिला गाजलेला वर्म ‘काबिर’ २००४ चा, ब्लूटूथवरून जायचा आणि दर वेळी मालकाची परवानगी मागायचा. आताची फाइलही परवानगीच मागते, फक्त फसवून. ‘लग्नपत्रिका डॉट एपीके’, ‘आरटीओ चलान डॉट एपीके’, ‘पीएम किसान डॉट एपीके’ अशी तिची नावं असतात. पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे बसवायचं ॲप. ते बसताना एसएमएस वाचायची परवानगी घेतं आणि बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराकडे पोचतो. तुमच्या व्हॉट्सॲपचा ताबा मिळाला तर तीच पत्रिका तुमच्या नावाने गावच्या, भावकीच्या ग्रुपवर जाते, म्हणून ओळखीच्या नंबरवरून आली या एवढ्या भरवशावर उघडू नका.

बसवून झालं असेल तर लगेच फोन एरोप्लेन मोडवर टाका. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवा. मग १९३० या हेल्पलाइनला फोन करा; पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता बरीच जास्त असते. ग्रुपवर दुसऱ्या कुणाला तरी सांगून ‘ती फाइल उघडू नका’ असा निरोप टाका. मेसेज, फाइलचं नाव आणि व्यवहारांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा, तक्रार नोंदवून झाली की मगच फोन फॅक्टरी रीसेट करा, आणि रीसेटनंतर जुन्या ॲप्सचा बॅकअप परत चढवू नका.